दूध-भाकरीचं खोकड

मन्मथअप्पांना वाचनाचं वेड आहे हे गौरम्माला लग्न ठरलं तेव्हापासूनच माहीत होतं. माणूस विडी ओढत नाही, पत्ते कुटत नाही, तर एखादं वेड असायचंच, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. पण चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांना सोलापूरला मामाकडं शिकायला ठेवलेला दुकानदार एका पुस्तकापायी घरात रानाचं जनावर आणील, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पुस्तक म्हणजे तळहातात मावणारं, रंगीत वेष्टणाचं, एस.टी. स्टँडच्या स्टॉलवर मिळणारं. त्यात कीर्तिमान नावाचा एक गुप्तहेर आणि चपला नावाचं त्याचं पाळीव खोकड. चोरांच्या मागं धावायचा कीर्तिमान, पण डोकं चालायचं चपलाचं. ती कुलपांच्या किल्ल्या तोंडात धरून आणायची, विषाचा पेला नुसत्या वासानं ओळखून लवंडून द्यायची, आणि प्रकरण मिटलं की कीर्तिमानच्या मांडीवर बसून दूध-पोळी खायची, वर गुळाचा खडा. दर महिन्याला नवं पुस्तक यायचं आणि अर्धं लातूर त्यावर तुटून पडायचं. नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले कारकून वाचायचे, अडतीवरचे मुनीम वाचायचे, आणि मन्मथअप्पा विभूतीच्या वड्या, रुद्राक्षाच्या माळा आणि शाळेच्या वह्या विकता विकता गल्ल्याच्या फळीखाली पुस्तक उघडं ठेवून वाचायचे. गिऱ्हाईकानं विभूती मागितली तर त्याच्या हातात पट्टी-पेन्सिल पडायची.

वर्षच मोठं विचित्र होतं. लातूरला जिल्हा मिळाला होता, पाणी मिळत नव्हतं. दुकानाच्या पाटीवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून पेंटरनं ‘जि. लातूर’ लिहिलं, पण उन्हानं नवा रंग पोपडे धरून गळाला आणि खालची अक्षरं परत वर आली. आता ते दुकान नेमकं कोणत्या जिल्ह्यात आहे, हे पाटी वाचून कुणाला सांगता येत नव्हतं. टँकर आला की गल्लीत घागरींची झोंबाझोंबी व्हायची. रानात तर त्याहून वाईट होतं. ओढे आटले, तळ्यांचे काठ भेगाळले, आणि खोकडं पाण्याच्या वासानं गावांच्या अंगाला यायला लागली.

मुदखेडचा व्यंकटी एरवी सीताफळं विकायचा. यंदा सीताफळंच नव्हती. त्यानं नांदेडकडच्या माळावरची बिळं उकरून पिल्लं काढली, पाटीत घातली, वर फडकं बांधलं आणि लातूरच्या बाजारात येऊन बसला. “चपला घ्या, चपला!” अशी तो हाळी द्यायचा. पोरासोरांच्या आधी मोठी माणसंच धावायची, हे गौरम्मानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ती हसलीही होती.

संध्याकाळी मन्मथअप्पा घरी आले ते धोतराचा सोगा छातीशी धरून.

“हे काय आणलं आवं?”

“चपला,” अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की गौरम्माला रागावताही येईना.

“कुत्र्याचं पिल्लू हाय का मांजराचं?”

“खोकड हाय. कोल्ह्याहून ल्हान असतंय. शेपटीचं टोक बग, काळं. पुस्तकात हाय तसंच.”

ओट्यावर जपमाळ घेऊन बसलेल्या सासूबाईंनी, सिद्धम्मांनी, मान वर केली. रोज पहाटे अंघोळ करून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ही बाई. त्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नसत. कधी बोलायची वेळ आलीच तर ‘ते पांढरं’ म्हणत.

“हे खाणार काय?” सिद्धम्मांनी विचारलं.

“दूध-पोळी खातंय अव्वा. लिवलंय तसं.”

“पोळी सणाला करतो आपण. दूध-भाकर खाईल.” त्यांच्या लेखी विषय संपला.

पिल्लू पहिल्या दिवशी दूध प्यालं, पण भाकरी नुसती हुंगून कोपऱ्यात जमीन उकरायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोट बिघडलं. आठवडा गेला तशी बरगड्या दिसायला लागल्या, अंगावरचे केस विस्कटले, डोळ्यांत चिपडं आली. मन्मथअप्पांनी आधीची सगळी पुस्तकं काढली आणि चपला आजारी पडते ते प्रकरण शोधलं. चपला कुठंच आजारी पडली नव्हती. एकदा तिला गोळी लागली होती, पण तीही शेपटीच्या केसांतून निघून गेली होती.

“गुळाचा खडा राहिला असंल,” अप्पा म्हणाले आणि गूळ आणला. खोकडानं गुळाकडं पाहिलंही नाही.

गौरम्माला त्या पिल्लाची दया यायची आणि दया येते म्हणून रागही यायचा. मागितलं कुणी होतं ते? पण दुपारी सगळं सामसूम झालं की ते तिच्या पदराखाली येऊन थरथरत पडायचं, आणि मग तिला सुचेनासं व्हायचं.

तिच्या परसाला लागून धुरपताबाईचं परस होतं. मधे कमरेएवढी भिंत. धुरपताबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, घर स्वतःच्या पगारातून बांधलं होतं, परसात कोंबड्या पाळल्या होत्या. भिंतीवरून दोघींचं बोलणं व्हायचं, कधी कढीपत्ता जायचा, कधी तापावरची गोळी यायची. पण समोरच्या दारानं या घरातलं कुणी त्या घरी कधी गेलं नव्हतं. सिद्धम्मा तर त्या घराकडं पाठ करूनच बसायच्या. गावाकडून बांधून आणलेली ती सवय होती, आणि वाईट सवय होती. गौरम्माला ते कळायचं, पण ती बोलायची नाही, यात तिचं काही कौतुक नव्हतं.

त्या दुपारी ती पिल्लू घेऊन भिंतीशी गेली.

धुरपताबाईनं ते हातात घेतलं, जबडा उघडून पाहिला, पोट चाचपलं. “गौराबाई, ह्याला काय देऊन राहिले तुमी?”

“दूध-भाकर. पुस्तकात तसंच हाय म्हणत्यात.”

“पुस्तकातल्या खोकडाला पोट नसतंय. ह्याला हाय.” तिनं खुराड्यात हात घातला, अंडं काढलं आणि वाटीत फोडलं.

गौरम्मानं तोंड फिरवलं. पण कानाला काही तोंड फिरवता येत नाही. वाटी पुसल्यासारखी चाटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर पिल्लानं एक शिंक दिली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच जिवंत जनावरासारखं वागलं होतं. गौरम्मानं मान वळवून पाहिलं आणि तिला रडू आलं. का आलं ते तिला सांगता आलं नसतं. आपल्या हातून पुण्य घडलं की पाप, हे विचारायला कुणाकडं जायचं?

मग ते रोजचंच झालं. सासूबाईंचा डोळा लागला की पिल्लू भिंतीपलीकडं जायचं, अंडं खायचं, कधी धुरपताबाईच्या घरचा मटणाचा तुकडा खायचं. परत घेताना गौरम्मा टँकरच्या पाण्यातलं अर्धं फुलपात्र खर्चून त्याचं तोंड धुवायची, आणि तरीही वास राहू नये म्हणून नाकावर, कपाळावर चिमूटभर विभूती चोळायची. विभूतीला या घरात काय तोटा?

महिन्याभरात खोकड असं गुबगुबीत झालं की बघत राहावं. अंगावर झळाळी आली, शेपूट झुपकेदार झाली. कपाळावर विभूती लावलेलं खोकड दारात बसलेलं पाहून येणारे-जाणारे थांबायचे. मठातले अय्या घरी आले तेव्हा त्यांनीही ते पाहिलं आणि “मागल्या जन्मीचा शिवभक्त दिसतोय,” असं म्हणून गेले. सिद्धम्मांनी त्या दिवशी आपल्या ताटातली दूध-भाकर स्वतः उचलून त्याला घातली. खोकडानं ती मान राखण्यापुरती खाल्ली.

धुरपताबाई भिंतीपलीकडून हसायची. एकदा मात्र हसली नाही.

“गौराबाई, तुमचा पाव्हणा जेवतो माझ्याकडं, अन् ढेकर देतो तुमच्या घरी. मला त्याचं काय न्हाई. पण एकदा सांगून टाका की घरी.”

“सांगते की. बगून सांगते.”

“माझ्या घरचं अंडं चालतंय, मग नाव घ्यायला कामून जड जायलंय?”

गौरम्मानं भिंतीवरून हात पुढं केले. ती पिल्लू पदरात घेऊन घरात आली आणि संध्याकाळपर्यंत तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच परत निवडले.

तिकडं मन्मथअप्पांचा ऊर भरून आला होता. दुकानात येईल त्याला ते सांगायचे, “दूध-भाकरीवर वाढवलंय. बोलाचं काम न्हाई, घरी येऊन बगा.” त्यांनी पुस्तकवाल्या प्रकाशकाला कौतुकानं कळवलंही. आणि पुढच्या महिन्याच्या पुस्तकात, मागच्या पानावर, खरंच छापून आलं: लातूरचे आमचे एक वाचक श्री. मन्मथअप्पा यांची चपला केवळ दूध-भाकरीवर वाढली असून ती पूर्ण शाकाहारी आहे.

अप्पांनी ते पान गौरम्मासमोर धरलं. तिनं वाचलं. छापील अक्षरांत काय जादू असते कोण जाणे, पण वाचता वाचता क्षणभर तिलाच वाटलं, खरंच असेल की! भिंतीपलीकडची वाटी, अंड्याचं टरफल, धुतलेलं तोंड, हे सगळं आपणच कुठंतरी वाचलं असेल आणि खरं काय ते इथं छापलं असेल. मग खोकड तिच्या पायाशी आलं आणि तिच्या बोटांचा वास घेऊन भिंतीकडं पाहायला लागलं. त्याला काही वाचता येत नव्हतं.

त्या पानानं गंमत अशी केली की आजवर जी घरं नाही म्हणत होती तीसुद्धा हो म्हणायला लागली. वाण्यांची, अडत्यांची, माळकऱ्यांची घरं. मांस-मच्छी शिवायची नाही म्हणून ज्यांनी खोकडाचा हट्ट मोडून काढला होता, त्यांना आता अडचणच उरली नाही. उदगीरहून, निलंग्याहून मागणी आली. व्यंकटीची एक पाटी होती तिच्या दोन झाल्या, मग तो हिमायतनगरकडच्या एका गड्याला जोडीला घेऊन आला. बायका गौरम्माकडं विचारायला यायच्या. दूध गाईचं का म्हशीचं? भाकर ज्वारीची का बाजरीची? कुस्करून का तशीच?

“ज्वारीची. कुस्करून,” गौरम्मा सांगायची. बोलताना जीभ जड व्हायची. पण सासूबाई शेजारीच बसलेल्या असायच्या.

मग कानावर यायला लागलं. अमक्याचं खोकड उन्हानं गेलं. तमक्याच्याला दृष्ट लागली. एकाचं म्हणे रात्री जागरणानं गेलं. गौरम्मा ऐकायची. ती मनाला बजावायची की प्रत्येकाच्या परसाला भिंत असते, आणि भिंतीपलीकडं एखादी धुरपताबाई असेलच. इतकी साधी गोष्ट, ज्याला त्याला आपसूक कळत असेल. आपल्याला नाही का कळली? मग मरतात कशी? आणि इथं आलं की तिचं डोकं चालायचं थांबायचं.

अशात एका दुपारी रुद्राणी आली. मन्मथअप्पांची धाकटी बहीण, निलंग्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासरी त्यावरून काय काय ऐकावं लागायचं ते ती माहेरी सांगत नसे, पण दर खेपेला थोडी अधिक वाळून यायची. ती एस.टी.तून उतरून उन्हातून चालत आली होती. कडेवर पाटी होती आणि पाटीवर ओलं फडकं.

मन्मथअप्पा जेवायला घरी आले होते. सिद्धम्मा ओट्यावर होत्या.

“वैनी,” रुद्राणी दारातूनच म्हणाली, “तुमी करता तसंच करून राहिले मी. ज्वारीची भाकर, कुस्करून, गाईचं दूध. तरी बगा हे.”

पाटीत खोकडाचं पिल्लू होतं, की त्याची सावली म्हणावी. मान उचलायचंही त्राण नव्हतं. फडक्याखाली पोट तेवढं हलत होतं.

“उन्हानं झालं असंल,” अप्पा म्हणाले. “ताक पाज.”

“दे इकडं,” गौरम्मा घाईनं म्हणाली. “परसात नेते जरा. गार हाय तिकडं.”

“न्हाई.” रुद्राणीनं खाली बसून पाटी मांडीवर घट्ट धरली. “मी सोडणार न्हाई त्याला. ज्याला मी सोडलं ते गेलंच.”

“ज्याला म्हंजी?”

रुद्राणीनं पाटीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, “हे तिसरं हाय वैनी. दोन गेली. कुणाला सांगितलं न्हाई. घरी म्हणत्यात, हिच्या हाताला काय जगतच न्हाई. पोटाला न्हाई, हाताला बी न्हाई. मला वाटलं, पुस्तकात छापून आलंय, माज्या वैनीकडं जगलंय, मग माज्याकडं कामून न्हाई जगायचं? एकदा तरी जगू द्या म्हणून आणलंय.”

सिद्धम्मांची जपमाळ थांबली. मन्मथअप्पा पाण्याचा तांब्या हातात धरून उभेच राहिले. गौरम्माला एवढंच कळलं, की ज्वारीची, कुस्करून, असं आपण दर वेळी म्हणत होतो आणि तिकडं निलंग्यात ही बाई स्वतःच्या हातांकडं बघत बसली होती.

ती उठली. परसात गेली. “धुरपताबाई!” तिनं हाक मारली, एवढ्या मोठ्यानं की कोंबड्या फडफडल्या. इतके महिने ती भिंतीशी कुजबुजत होती.

धुरपताबाई ड्यूटीवरून नुकतीच आली होती, अंगावर अजून पांढरी साडी होती. तिनं गौरम्माच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता एक अंडं तिच्या तळहातावर ठेवलं. कोमट होतं ते. गौरम्मानं ते पदराखाली झाकलं नाही.

माजघरात येऊन तिनं फळीवरून वाटी काढली. कुणाची काढावी म्हणून क्षणभर तिचा हात अडखळला. मग तिनं स्वतःची काढली, रोज वरण खायची. सगळ्यांच्या समोर, ओट्याच्या कडेवर, तिनं अंडं फोडलं.

“गौरा!” मन्मथअप्पांच्या हातातला तांब्या डुचमळला. “हे... हे पांढरं घरात?”

गौरम्मानं उत्तर द्यायच्या आत त्यांची चपला कोपऱ्यातून सुटली. कपाळावर विभूती, शेपूट वर. तिनं वाटीत तोंड घातलं, दोन-चार सराईत जिभल्या मारल्या, मग गौरम्माकडं वर पाहिलं. आज एवढंसंच का, असं विचारत असावी. गौरम्मानं तिला बाजूला सारलं आणि उरलेलं रुद्राणीसमोर धरलं.

मन्मथअप्पा एकदा खोकडाकडं पाहत होते, एकदा फळीवरच्या पुस्तकांकडं.

“रोज?” शेवटी रुद्राणीनं विचारलं.

“रोज. धुरपताबाईच्या हातचं. दूध-भाकरीवर ते कवाच मेलं असतं.”

“मग मला कामून न्हाई सांगितलं वैनी?”

गौरम्मानं मनात कारणं मोजली. अव्वा बसल्या होत्या म्हणून, अय्या बोलले होते म्हणून, छापून आलं होतं म्हणून. सगळी कारणं खरी होती आणि एकही सांगण्याजोगं नव्हतं. “चुकलं माजं,” ती म्हणाली.

रुद्राणीला राग यायला हवा होता. तो आला नाही, निदान तेव्हा तरी. ती स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहत होती.

“म्हंजी माज्या हातात दोष न्हाई?” तिनं विचारलं.

“न्हाई गं माय. भाकरीत होता.”

रुद्राणीनं वाटीत बोट बुडवलं आणि पिल्लाच्या तोंडाला लावलं. पिल्लू हललं नाही. तिनं परत बोट बुडवलं. बऱ्याच वेळानं एक जीभ बाहेर आली, आत गेली, आणि परत बाहेर आली. रुद्राणी हसत होती की रडत होती ते गौरम्माला कळेना. वाटी बघता बघता कोरडी झाली.

सिद्धम्मा ओट्यावरून उठल्या. आता सगळं घर धुवायला लावतील, टँकर परवाशिवाय यायचा नाही, एवढंच गौरम्माच्या मनात आलं. सिद्धम्मा हळूहळू लेकीपाशी आल्या, वाकल्या, आणि रुद्राणीचा तो चिकट हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. ज्या हातात पहाटे लिंग घेतलं होतं, त्याच हातात.

“बगत काय उभी राहिलीस?” त्या सुनेला म्हणाल्या. “आणखीन एक मागून आण.”

गौरम्मा परसाकडं वळली.

“तिकडनं नगं,” सिद्धम्मा म्हणाल्या. “समोरच्या दारानं जा.”